माळ दोन रंगांचा असताना

मेंढीच्या डोळ्यातले कुसळ काढायचे तर आधी तिला भिंतीशी दाबून धरावे लागते, मग गुडघ्याने तिची मान अडवावी लागते आणि शेवटी चिमट्यापेक्षा स्वतःच्या बोटांवर अधिक विश्वास ठेवावा लागतो. त्या सकाळी धाकटीने अशी अकरा कुसळे काढली आणि पत्र्याच्या झाकणावर ओळीने मांडली. गेल्या उन्हाळ्यात गळून वाळक्या गवतात अडकून राहिलेली ही कुसळे थंडी सरत आली तरी ताठ होती. प्रत्येक कुसळ बोटाच्या पेराएवढे, टोकाला सुईसारखे, अंगावर उलट्या दिशेचे बारीक दाते असलेले. आत शिरणे सोपे, बाहेर येणे अवघड, अशी त्याची घडण.

“मांडून काय ठेवतेस? प्रदर्शन भरवायचंय का?” मेंढवाड्याच्या दारातून दादाने विचारले.

“बघतेय. दाते कुठल्या बाजूला वळलेत ते.”

“दाते बघून कुसळ जायचं असतं, तर मी भिंग घेऊनच बसलो असतो.”

दादा तिच्याहून नऊ वर्षांनी मोठा. आईवडिलांच्या मागे एकशे चाळीस मेंढ्या आणि पाच वाड्यांत विभागलेला मोठा माळ ही दोघा भावंडांची समाईक मिळकत होती. वाडा म्हणजे तारेच्या कुंपणाने वेगळा केलेला माळाचा तुकडा. एकातले गवत चरून झाले की कळप दुसऱ्यात घालायचा. मेंढ्या धाकटी पाही, माळ दादा पाही, आणि माळ पाहण्यातले सर्वांत मोठे काम होते तो जाळणे. जुने, कुजट गवत आणि तण निघून जावे म्हणून आळीपाळीने एकेक वाडा उन्हाळ्यात पेटवला जाई. दादा त्यात इतका वाकबगार होता की आसपासचे सगळे मेंढपाळ त्यालाच बोलावत आणि ‘काडीदादा’ म्हणत. सव्वीस वर्षांत त्याने लावलेल्या एकाही आगीने कुंपण ओलांडले नव्हते.

तरीही कुसळी गवत वाढतच होते. दहा वर्षांपूर्वी ते फाटकाजवळ चटईएवढ्या जागेत होते, आता पाचापैकी तीन वाडे त्याने व्यापले होते. कोवळेपणी मेंढ्या ते नाइलाजाने खात, पण ओंब्या आल्या की तोंड लावत नसत. लावलेच तर हिरड्या सोलून निघत. गेल्या आठवड्यात मेंढ्यांचा व्यापारी येऊन सगळा कळप उचलायची तयारी दाखवून गेला होता. दादाने त्याला मुदत दिली होती. यंदा माळ जाळायचा, पुढचा पाऊस होऊ द्यायचा, आणि नवे अंकुर पुन्हा कुसळीचेच निघाले तर मेंढ्या देऊन टाकायच्या.

“तू मला विचारलंस?” धाकटीने तेव्हा म्हटले होते.

“विचारतोय की. पाऊस होईपर्यंत विचारतोय.”

तिला मेंढ्या द्यायच्या नव्हत्या. तिला दुसरे काही येत नव्हते असे नाही. शहरात राहून ती शिकली होती, तीन वर्षे एका छापखान्यात नोकरीही करून आली होती. पण प्रत्येक मेंढी चेहऱ्याने ओळखणे ही गोष्ट तिला दुसरीकडे कुठे मिळाली नव्हती. आणि दादाचा निर्णय चूक आहे असेही तिला म्हणता येत नव्हते. फोडांनी भरलेली तोंडे तीच तर रोज औषधाने पुसत होती.

त्याच दुपारी ती पंपघराची कडी बसवायला गेली आणि मागच्या बाजूला थबकली. पंपघरामागे दोन खोल्यांएवढी जागा मऊ, एकसारखी हिरवी होती. तिने वाकून पाहिले. कुसळीचे कोवळे पान ओळखायला सोपे: बुडाशी तांबूस, अंगावर लव. इथे तसे पान दिसेना. ती गुडघे टेकून बसली आणि बोटांनी गवत विंचरू लागली. दहा मिनिटांत तिला कुसळीची जेमतेम चार रोपे सापडली. मग तिने हातभर अंतरावर, त्या जागेच्या बाहेर हात घातला. एका मुठीत वीस.

पंप गळतो म्हणून असेल? पण गळणारे पाणी उलट्या बाजूला जात होते आणि तिकडे कुसळीचे रान होते. सावली? सावली सकाळी इकडे, संध्याकाळी तिकडे. मेंढ्या बसत असतील? लेंड्या दोन्हीकडे सारख्याच होत्या. तिने पंपघराला दोन फेऱ्या घातल्या. तिसऱ्या फेरीत भिंतीवरचा काळा डाग दिसला, आणि तिला आठवले.

गेल्या वर्षी फाटकाची बिजागरी इथे आणून ती ग्राइंडरने घासत होती. ठिणगी उडाली आणि मागचे गवत धुमसत पेटले. ओले पोते मारून तिने ते विझवले, पण तेवढी जागा जळालीच. दादा दोन दिवस घुश्शात होता. आग मोठी नव्हती, पण हंगामाच्या आधी, त्याच्या हाताशिवाय लागलेली. “माझ्या माळावर काडी पडते आणि मला धूर दिसल्यावर कळतं!” असे तो चार जणांना सांगत फिरला होता.

रात्री जेवताना तिने विचारले, “दादा, पंपघरामागं कुसळी का नाही रे?”

“तू जाळलंस ना ते. तुझ्या हाताला गुण असेल.” तो हसला. “मी सव्वीस वर्षं जाळतोय, तर माझ्या हाताला अवगुण!”

तो चेष्टेने बोलला होता. धाकटीचा घास मात्र हातातच राहिला.

*

गवताळ जमिनींचे सरकारी कार्यालय एका दुमजली इमारतीच्या वरच्या मजल्यावर होते. खाली सायकलदुरुस्तीचे दुकान, त्यामुळे जिन्याला रबराचा आणि वर पोचल्यावर वाळलेल्या गवताचा वास. एका भिंतीला छतापर्यंत लाकडी खण होते आणि प्रत्येक खणात बियांची पाकिटे. त्या खणांची मालकीण चाळिशीतली एक बारीकशी बाई होती. मेंढपाळांमध्ये तिला गवतबाई म्हणत. हे तिला ठाऊक होते आणि तिची हरकतही नव्हती.

धाकटीने टेबलावर बिस्किटांचा डबा आणि बुटांचे खोके ठेवले. दोन्हींत मातीसकट उपटलेले गवत होते.

“डब्यातलं जळालेल्या जागेतलं, खोक्यातलं शेजारचं,” ती म्हणाली.

गवतबाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि दोन्ही ढेकळे वर्तमानपत्रावर पालथी केली. बराच वेळ त्या नुसत्या मोजत होत्या.

“ताई, ही आग कोणत्या दिवशी लागली? अंदाजे नको. तारीख हवी.”

धाकटीने पिशवीतून कोकरांच्या लसीचे कार्ड काढले. त्या दिवशी सकाळी लस टोचली होती आणि दुपारी ती बिजागरी घासायला बसली होती. तारीख पाहून गवतबाई खुर्चीतून उठल्या, एक खण ओढला, पुन्हा बंद केला आणि परत बसल्या.

“आणि तुमचे दादा कधी जाळतात?”

“यानंतर पाच-सहा आठवड्यांनी. माळ सगळा पिवळाधमक झाल्यावर. मूठभर गवत कानाशी धरून मोडतो. कडकड वाजलं, तर गवत बोललं म्हणायचं. बोलल्याशिवाय काडी नाही.”

“सगळे मेंढपाळ तेच करतात. आगीच्या दृष्टीनं बरोबरच आहे ते.” गवतबाईंनी टेबलाच्या खणातून मेणबत्ती काढून पेटवली. “हात ज्योतीच्या बाजूला धरा. भाजतंय?”

“नाही.”

“आता वर धरा.”

धाकटीने हात वर नेला आणि लगेच मागे घेतला.

“आग वर भाजते. जमिनीवर पडलेल्या बीला ती फारशी लागतच नाही, मातीनं थोडं झाकलं असेल तर मुळीच नाही. आता सांगा, चांगल्या गवताचं बी कधी गळतं?”

“उन्हाळ्याच्या तोंडाशीच. ते लवकर वाळतं.”

“आणि कुसळीचं?”

धाकटी उत्तर द्यायच्या बेतात थांबली. उन्हाळ्याच्या सुरुवातीचा माळ तिच्या डोळ्यांसमोर आला. चांगले गवत वाळून पिवळे पडलेले, त्यात कुसळीचे जांभळट-हिरवे पट्टे. दोन रंगांचा माळ. दरवर्षी ती तो पाहत आली होती, आणि दरवर्षी दादा म्हणे, अजून कच्चं आहे, सगळं एका रंगाचं होऊ दे.

“तीन-चार आठवडे उशिरा,” ती हळूच म्हणाली. “म्हणजे ठिणगी पडली तेव्हा चांगल्याचं बी खाली मातीत होतं आणि कुसळीचं वर ओंबीत.”

“आणि दादा काडी लावतात तेव्हा?”

“दोन्ही खाली.” तिने बुटांच्या खोक्याकडे पाहिले. “वरचं कुजट गवत तेवढं जळतं आणि कुसळीला मोकळी जमीन मिळते.”

गवतबाईंनी मेणबत्ती विझवली. “हा माझा तर्क आहे, ताई. दोन खोल्यांएवढ्या जागेवरून सिद्ध काही होत नाही. एक अख्खा वाडा द्याल का?”

*

वाडा देणे म्हणजे काय, ते धाकटीला घरी येताना वाटेत नीट समजले. कच्च्या ओंब्या पेटायला खाली वाळलेले गवत दाट हवे, म्हणजे त्या वाड्यात आतापासून एकही मेंढी सोडायची नाही. आणि तो पेटवायचा ऐन चाऱ्याच्या दिवसांत. तोंडचा घास काढून आगीला द्यायचा, आणि तोही तर्कावर.

गवतबाई दोन दिवसांनी स्वतः माळावर आल्या. दादाने त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि शेवटपर्यंत मधे न बोलता ऐकून घेतले. ते पाहून धाकटीला धाकधूक वाटू लागली. दादा गप्प राहिला की खरोखर ऐकत असे.

“म्हणजे बाई,” तो अखेर म्हणाला, “मी इतकी वर्षं कुसळीची पेरणी करत होतो म्हणा.”

“मी तसं म्हटलं नाही.”

“तुम्ही नाही म्हटलं. मीच म्हणतोय. आणि माझ्या एकट्याच्या माळावर नाही, लोकांच्याही. बोलावून, चहा पाजून पेरून घेतली त्यांनी माझ्याकडून.” तो धाकटीकडे वळला. “आणि ही आमची विदुषी, मेंढीच्या डोळ्यातलं कुसळ काढता काढता भावाच्या डोळ्यातलं मुसळ काढून आली.”

“दादा, मी तुला चूक ठरवायला गेले नव्हते.”

“माहितेय गं. तू फक्त बघायला गेली होतीस. लहानपणी घड्याळही तू फक्त बघायलाच उघडलं होतंस.”

गवतबाई हसू दाबत होत्या. दादा उठून कुंपणापाशी गेला. परत आला तेव्हा त्याने प्रश्न विचारला आणि धाकटीने सुटकेचा श्वास सोडला, कारण ज्या कामाला त्याचा नकार असे त्याबद्दल दादा कधीच प्रश्न विचारत नसे.

“ओली ओंबी पेटणार कशी? तुमचा बेत काय?”

“वारा पाठीशी घ्यायचा. पश्चिमेचा वारा असेल, तर पश्चिमेकडून लावायची. वारा आगीला ढकलेल.”

“तर मग तुमचा प्रयोग बुडाला.” दादा खाली बसला आणि काटकीने मातीत चौकोन काढला. “वाऱ्याबरोबरची आग पळते, बाई. दिसायला झकास, ज्वाळा पुरुषभर. पण एका ओंबीपाशी ती थांबते किती? डोळा मिटून उघडेपर्यंत. तव्यावरून भाकरी नुसती ओढून काढली तर भाजेल का? इकडून लावा, पूर्वेकडून. वाऱ्याच्या तोंडावर. मग ती पळत नाही, पावलापावलानं सरकते. ज्वाळा गुडघ्याएवढी, पण प्रत्येक काडीपाशी बसून जेवल्यासारखी.”

गवतबाईंनी वही उघडली. “किती वेळ लागेल?”

“एवढ्या वाड्याला दोन-अडीच तास. तुमच्या पद्धतीनं दहा मिनिटं.”

“लिहून घेते,” त्या म्हणाल्या, आणि लिहिताना त्यांच्या चेहऱ्यावर जे कुतूहल उमटले ते पाहून दादा किंचित सैलावला. कोणी तरी त्याचे बोलणे लिहून घेत होते, तेही सरकारी वहीत.

*

चौथा वाडा, सर्वांत दाट कुसळीचा, बंद झाला. मेंढ्या ओढ्याकाठच्या खडकाळ वाड्यात गेल्या. तिथले गवत विरळ होते आणि महिन्याभरात त्यांच्या बरगड्या हाताला लागू लागल्या. कुंपणापलीकडचा चारा पाहून त्या ओरडत, आणि दादा जाता-येता धाकटीला ऐकवी, “तुझ्या लेकी तक्रार करतायत.” संध्याकाळी एकेकीच्या पाठीवरून हात फिरवताना तिला वाटे, तर्क चुकला तर व्यापाऱ्याला आपण हडकुळा कळप देऊ आणि तेही आपल्याच हाताने हडकुळा केलेला.

उन्हाळा सुरू झाला तशी ती रोज सकाळी बंद वाड्यात जाऊ लागली. गवतबाईंनी शिकवल्याप्रमाणे दहा ओंब्या घ्यायच्या, एकेक दाणा नखाने दाबायचा. सुरुवातीला पांढरे दूध निघे. मग दूध घट्ट झाले, कणकेसारखे. मग नख उमटेनासे झाले. त्यानंतर ती ओंबी तळहातावर आपटून पाहू लागली, दाणा सुटतो का. चांगले गवत एव्हाना वाळून त्याचे बी गळून गेले होते, आणि माळ दोन रंगांचा झाला होता. एवढ्या जवळून रोज पाहिल्यावर तिच्या लक्षात आले की कुसळीचा जांभळा रंगही एक नसतो. उताराच्या अंगाला तो आधी फिका पडतो, खोलगट भागात उशिरा. दादाला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, “मी तर वरून एकच रंग बघत होतो.” आणि दुसऱ्या दिवसापासून तोही तिच्याबरोबर येऊ लागला.

एका सकाळी तिच्या तळहातावर पहिले दोन दाणे पडले. तिने गवतबाईंना फोन केला आणि आग दुसऱ्या दिवशीची ठरली.

वाड्याच्या चारही कडांनी दहा पावले रुंद गवत आधीच कापून ठेवले होते. त्या पट्टीवर सकाळी टँकरने पाणी मारले. टँकरवाला जाडजूड आणि भित्रा होता. आग विझवायचे काम आपण कसे पत्करले याचे त्यालाच नवल वाटे.

“काडीदादा, आज गवत हिरवं दिसतंय. पेटणार का?”

“पेटलं नाही तर तुझंच काम कमी.”

गवतबाईंनी पत्र्याच्या छोट्या पट्ट्या वाड्यात ठिकठिकाणी लावल्या. प्रत्येकीवर वेगवेगळ्या उष्णतेला वितळणाऱ्या रंगांचे ठिपके होते. एक पट्टी जमिनीलगत, एक घोट्याएवढ्या उंचीवर, एक ओंबीच्या उंचीवर. मग सगळे पूर्वेच्या कडेला जमले. वारा पश्चिमेचा, मंद.

दादाने सवयीने मूठभर गवत उपटले, कानाशी नेले आणि मोडले. धाकटी जवळच उभी होती. तिला फक्त दबका, ओलसर आवाज ऐकू आला.

“बोलत नाही,” दादा म्हणाला.

पेटते तेल ठिबकवणारी लांब चोचीची झारी त्याच्या हातात होती. माळ जाळायचा परवाना त्याच्या नावावर होता. तो नाही म्हणाला असता, तर गवतबाईंनाही आग लावता आली नसती, आणि दोन दिवसांत दाणे जमिनीवर आले असते.

“धाकटे, काल तुझ्या हातावर दाणे पडले किती?”

“काल दोन. आज सकाळी पाच.”

त्याने हातातले गवत टाकून दिले. “मग माझ्या कानाला काय विचारायचं,” तो म्हणाला आणि झारी वाकडी केली.

पहिल्यांदा नुसता धूर निघाला. दुसऱ्यांदा हातभर जळून विझले. टँकरवाल्याचा चेहरा खुलला. दादाने तासभर थांबायचे ठरवले. ऊन चढले, गवतावरचा उरलासुरला ओलावा उडाला, आणि तिसऱ्यांदा बुडातले वाळके गवत तडतडत पेटले. आगीची एक बुटकी ओळ वाऱ्याच्या तोंडावर, जवळजवळ नाराजीने, पश्चिमेकडे सरकू लागली.

धाकटीने लहानपणापासून आगी पाहिल्या होत्या, पण इतकी संथ, इतक्या जवळून कधी पाहिली नव्हती. ओले पोते खांद्यावर टाकून ती ओळीच्या मागोमाग काळ्या जमिनीवरून चालत होती. आधी वाळके गवत पेट धरे. त्याच्या धगीत शेजारची जांभळी ओंबी मान टाकी, तिच्यातून वाफ निघे, बारीक फुसफुस ऐकू येई, आणि मग कुसळे एकेक करून लाल तारेसारखी होऊन विझत. दादा ओळीच्या टोकाशी झारी घेऊन चालत होता आणि कुठे तुटले की जोडत होता. त्याच्या चेहऱ्यावर तिला नेहमीचा रुबाब दिसला नाही. तोही बघतच होता.

दोन तासांत वाड्याचा मोठा भाग काळा झाला. पश्चिमेच्या कुंपणालगत एक लांब पट्टी उरली असताना वारा पडला आणि एकाएकी उलटा, पूर्वेचा झाला.

“मागे सरा! काळ्यावर या!” दादा ओरडला.

आगीच्या ओळीने मान उचलली. ज्वाळा पुरुषभर झाल्या आणि उरलेली सगळी पट्टी गरजत ओलांडून कापलेल्या कडेवर जाऊन आदळल्या. टँकरवाल्याने डोळे जवळजवळ मिटून पाण्याचा फवारा सोडला, आणि तो नेमका लागला. मिनिटभरात सगळे शांत झाले. आग कुंपणापलीकडे गेली नव्हती.

“बघितलंत बाई?” दादा धापा टाकत म्हणाला. “हीच ती तुमची पद्धत.”

“बघितली,” गवतबाई म्हणाल्या. त्यांच्या भुवयांवर राख बसली होती. “त्या पट्टीतल्या बिया वेगळ्या ठेवायच्या. फुकटात तुलना मिळाली.”

पत्र्याच्या पट्ट्या थंड झाल्यावर तिघांनी त्या जमिनीवर मांडल्या. ओंबीच्या उंचीवरचे सगळे ठिपके वितळून ओघळले होते. जमिनीलगतच्या पट्ट्यांवर बहुतेक ठिपके जसेच्या तसे. दादाने एक पट्टी उचलून दोन्ही बाजूंनी पाहिली. “एवढ्याशा अंतरात,” तो म्हणाला, आणि अंगठा व करंगळी ताणून ते अंतर हवेत मोजू लागला.

*

बियांच्या तीन बशा स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवल्या होत्या. ओल्या टिपकागदावर पहिल्या बशीत संथ आगीतून उरलेल्या कुसळीच्या ओंब्यांचे शंभर दाणे, दुसरीत पळत्या आगीच्या पट्टीतले शंभर, तिसरीत जमिनीवरून वेचलेले चांगल्या गवताचे शंभर. धाकटी रोज पाणी शिंपडे. चौथ्या दिवशी तिच्या लक्षात आले की कागद तिच्या आधीच ओला असतो.

“दादा, पाणी तू घालतोस?”

“मी? मी चहाला आलो होतो.”

“चहा तर मी अजून टाकलाच नाही.”

“म्हणूनच थांबलो होतो,” तो म्हणाला आणि बशांवरून नजर न काढता विचारले, “दुसरीतला तो कोंबच ना?”

कोंबच होता. महिनाअखेर दुसऱ्या बशीत एकेचाळीस दाणे उगवले. तिसरीत त्रेसष्ट. पहिलीत दोन.

तरी दादाने व्यापाऱ्याला निरोप पाठवला नाही. बशी म्हणजे माळ नव्हे, असे त्याचे म्हणणे होते आणि धाकटीला ते पटले. मेंढ्यांनी तो उन्हाळा कसाबसा काढला. दोन म्हाताऱ्या मेंढ्या दगावल्या. त्या दिवशी दादाने चेष्टा केली नाही.

पाऊस झाला आणि तीन आठवड्यांनी गवतबाई तारेचे एक कडे घेऊन आल्या. डोळे मिटून कडे फेकायचे, जिथे पडेल तिथे आतले कुसळीचे अंकुर मोजायचे, पुन्हा फेकायचे. तिघे सकाळपासून त्यालाच जुंपले होते. दादा गुडघ्यांवर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलेला. दुपारी फाटकाशी व्यापाऱ्याचा ट्रक येऊन थांबला. मुदत संपली होती.

“काडीदादा!” त्याने लांबूनच हाक मारली. “काय हरवलं?”

“थांबा! चाळीस फेका झाल्यात, दहा उरल्यात,” दादा मान वर न करता म्हणाला. “मधे बोलू नका, आकडा चुकेल.”

व्यापारी कुंपण ओलांडून आत आला आणि कमरेवर हात ठेवून पाहत राहिला. शेवटचे कडे मोजून झाल्यावर गवतबाईंनी वहीत बेरीज केली. गेल्या वर्षी दादाने नेहमीच्या वेळी जाळलेल्या तिसऱ्या वाड्यात सरासरी एका कड्यात अडुसष्ट अंकुर होते. चौथ्या वाड्यात, पश्चिमेच्या पट्टीत, एकोणतीस. उरलेल्या सगळ्या वाड्यात सहा.

धाकटीने आकडे दोनदा वाचले. मग दादाकडे पाहिले. तो हातातली माती झटकत होता.

“सहा म्हणजे गेली नाही,” तो म्हणाला.

“नाही,” गवतबाई म्हणाल्या. “पुन्हा जाळावं लागेल. दुसरे वाडे एकेक करून. आणि दरवर्षी थोडा चारा द्यावाच लागेल.”

“मेंढ्या दरवर्षी ओरडतील.” दादा धाकटीकडे वळला. “ऐकून घ्यायची तयारी आहे का तुझी?”

“माझी आहे. तुझी?”

“मला आधी नऊ माळांवर जाऊन सांगायचंय की मी चुकीच्या वेळी जाळत होतो. त्यांचं ऐकून घेतल्यावर मेंढ्यांचं काय एवढं.” मग तो व्यापाऱ्याला म्हणाला, “ट्रक रिकामाच न्यावा लागेल तुम्हाला. हेलपाटा पडला, माफ करा.”

व्यापारी रागावेल असे धाकटीला वाटले होते. पण त्याचे लक्ष दुसरीकडेच होते. जिथे शेवटचे कडे पडले होते तिथे तो उकिडवा बसला आणि गवतात बोटे फिरवू लागला.

“एवढं मोजता तरी कसं? मला तर सगळं सारखंच दिसतंय.” त्याने एक रोप मुळासकट उपटून वर धरले. “हेच ना ते?”

“नाही हो!” दादा आणि धाकटी एकदमच ओरडले. धाकटीने पुढे होऊन रोप त्याच्या हातातून घेतले, बोटाने मातीत खळगा केला आणि ते परत लावले. “बुडाशी तांबूस असतं ते. लव असते अंगावर. हे चांगलं गवत आहे, मेंढ्यांचं. पुन्हा शोधा.”

व्यापाऱ्याने टोपी मागे सारली आणि तो आणखी खाली वाकला.